अलार्म बसवून घेणारी माणसं

कोल्हापुरात गाड्यांना अलार्म आणि ट्रॅकर बसवायला लागून मला अठरा वर्षं झाली. वायरी सगळ्या गाड्यांत सारख्याच असतात, माणसं मात्र एकासारखं एक नाही. त्यामुळं दुकानात सामानापेक्षा किस्सेच जास्त साठलेत.

शिरोळच्या महादूअण्णांनी जुन्या जीपला रुंद टायर, टपावर लाइटी असं सगळं केलं आणि वर अलार्म बसवून घेतला. ऊस वाहणारा ट्रॅक्टर गाणी लावून दारावरनं गेला की अलार्म बोंबलायचा. शेवटी अण्णांच्या घरच्या काकू दुकानात आल्या. म्हणाल्या, "चोर परवडला, पर ह्यो भोंगा नगं."

मी सेन्सर कमी करून दिला. आठ दिवसांनी अण्णांचा फोन आला. म्हशीनं मान घासून जीपचा आरसा मोडला होता आणि अलार्म गप्प होता.

"व्हय वो, ह्यो म्हशीला वळखतोय काय?"

हुपरीचा संजय चांदीचं पैंजण करतो. त्याच्या गाडीत मी एक लपवलेलं बटण बसवलं. ते दाबल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. जागा कुणालाही सांगू नकोस, असं बजावलं होतं. गड्यानं ते फारच मनावर घेतलं. स्वतःचं लग्न लागून निघताना ड्रायव्हरकडनं गाडी सुरू होईना, तर नवरदेवानं ड्रायव्हरसकट सगळ्यांना खाली उतरवून तोंडं फिरवायला लावली. नवरीनं विचारलं, मी पण उतरू का?

संजयनं जरा विचार केला. "तू बस. पर डोळं झाक."

कागलचे एक दूधवाले ट्रॅकर काढून टाका म्हणत आले. बायको मोबाइलवर गाडी जवळ आलेली बघून तव्यावर भाकरी टाकायची, तोवर ठीक होतं. पुढं हॉटेलपाशी गाडी दहा मिनिटं थांबली तरी फोन यायला लागला. "चोराचं ऱ्हाऊ दे, मीच सापडायलोय," म्हणाले.

आणि मंगलताई. त्या शाळेत शिकवतात. चार वर्षांपूर्वी हायवेवर पुढची गाडी अचानक थांबली, ह्यांनी ब्रेक दाबला, आणि मागनं ट्रक आदळला. त्यात दोन्ही पाय अधू झाले. मग त्यांनी ॲटोमॅटिक गाडीला हाताच्या दांड्यानं चालणारा ब्रेक आणि ॲक्सिलरेटर बसवून घेतला. ट्रॅकर मी बसवला.

एकदा भर दुपारी शाळेपुढनं ती गाडी चोरीला गेली. बाई रिक्षा करून, कुबड्या घेऊन थेट दुकानात आल्या. मी पोलिसांना कळवलं, एक हवालदार आले. मोबाइलवर दिसत होतं, गाडी हायवेनं कागलच्या दिशेनं पळत होती. माझ्याकडं इंजिन बंद करायचं बटण होतं. दाबलं की गाडी जागेवर थांबणार.

हवालदार म्हणाले, दाबा की, कर्नाटकात शिरली तर अवघड हुईल.

बाईंनी माझा हात धरला. "आत्ता न्हाय. त्याच्या मागनं ट्रक येत असंल."

वीस मिनिटं आम्ही तिघं त्या ठिपक्याकडं बघत बसलो. सीमेच्या जरा अलीकडं गाडी हायवे सोडून एका चहाच्या टपरीशी थांबली.

"आता दाबा," बाई म्हणाल्या.

पोलीस पोचले तेव्हा चोर गाडीतच किल्ली फिरवत बसला होता.

संध्याकाळी मी बाईंना गाडीपाशी घेऊन गेलो. त्या आत बसल्या, दांड्याला हात लावायला गेल्या, हात पोचेना.

"सीट मागं सारलंय मेल्यानं," म्हणाल्या, आणि पुढं ओढून घेतलं.