ब्लॅकआउटचा स्विच

खटका दाबला तसे शेडमधले सगळे दिवे एकदम विझले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुपारची वेळ होती, पण खिडक्यांच्या काचा काळ्या रंगवलेल्या आणि दारं लोटून घेतलेली, त्यामुळे आत मिट्ट काळोख. आमचे मॅनेजर तिवारीसाहेब अंधारातूनच ओरडले, "वाह धोटेजी! एक बटन में पूरा शेड गुल! क्या दिमाग लगाया है!"

मी टाळी वाजवली नाही. माझं काम ते नव्हतंच. दुसऱ्यांनी केलेलं वायरिंग तपासायचं आणि पास की फेल ते लिहायचं, एवढ्यासाठी जबलपूरच्या त्या फॅक्टरीनं मला ठेवलं होतं. अशा माणसाला कोणी आपणहून चहाला बोलवत नाही.

एकाहत्तरच्या लढाईचे दिवस होते. फॅक्टरी रात्रंदिवस चालू. संध्याकाळी सायरन झाला की ब्लॅकआउटची ड्रिल. उजेडाचा ठिपकाही बाहेर दिसायला नको, पण भट्टीचे पंखे चालूच राहायला हवेत. म्हणजे मेन स्विच पाडायची सोय नाही. फक्त दिवे जायला हवेत, तेही एका खटक्यात, आणि खटका शेडच्या फाटकाजवळ हवा, कारण तो दाबणार चौकीदार आणि चौकीदार फाटकाजवळ बसतो.

नव्या शेडचं हे काम धोटेभाऊंनी केलं होतं. जबलपूरच्या गढा वस्तीत ते आमच्या शेजारी राहत. माझ्या बहिणीच्या लग्नात मांडवाचे दिवे त्यांनीच लावले होते आणि पैसे देऊ केले तर माझ्यावर डाफरले होते. माणूस सोन्यासारखा, हात साफ. पण कित्येक वर्षं टेंपररीच. हे काम साहेबांच्या डोळ्यांत भरलं की पक्कं करायची शिफारस जाणार, हे अख्ख्या मोहल्ल्याला माहीत होतं. वहिनींनी तर आमच्या हिला साडीचा रंगसुद्धा सांगून ठेवला होता.

"साहेब, दिवे तसेच बंद ठेवा," मी म्हटलं आणि शिडी मागवली.

"काहून रे मधू?" धोटेभाऊ हसत म्हणाले. "अंधारात काय पाहून राहिला?"

टॉर्च घेऊन वर चढलो. एक बल्ब काढला आणि होल्डरला टेस्टर लावला. टेस्टर म्हणजे तो पेचकस, ज्याच्या मुठीतला छोटा दिवा करंट असला की पेटतो. पेटला.

खुलासा करतो. दिव्याला दोन तारा जातात. फेज करंट घेऊन येते, न्यूट्रल परत नेते. स्विच नेहमी फेजवर टाकायचा, म्हणजे बंद केल्यावर करंट तिथंच अडतो. न्यूट्रलवर टाकला तरी दिवा विझतो, पण करंट होल्डरपर्यंत येऊन बसलेला असतो. कोणाचं बोट कधी लागतं याची वाट पाहत.

खाली उतरलो. "धोटेभाऊ, स्विच न्यूट्रलवर आहे."

"हो, आहे ना." त्यांनी लपवलं नाही. "फेज त्या टोकाला, बोर्डावर. तिथून फाटकापर्यंत तार आणायची तर स्टोअरमध्ये तार नाही. न्यूट्रल मात्र फाटकावरूनच जाऊन राहिली होती. तीच तोडून मधे स्विच टाकला. अन् हा स्विच दुरुस्तीसाठी थोडाच आहे? हा फक्त अंधार करायला. दुरुस्ती करायची तर बोर्डावरून बंद करावं, असा नियमच आहे."

तिवारीसाहेबांना चर्चेत गोडी नव्हती. "अरे भाई, बत्ती बुझी कि नहीं? ऊपर से हवाई जहाज़वाला टेस्टर लगाके देखेगा क्या?"

लोक हसले. मला राग आला. सांगून पटणार नव्हतं, म्हणून टेस्ट लॅम्प काढला. ही आमची साधी वस्तू: एक बल्ब, त्याला दोन मोकळ्या तारा. पुन्हा वर चढलो. एक तार त्या विझलेल्या होल्डरमध्ये घातली, दुसरी छत पेलणाऱ्या लोखंडी कैचीला टेकवली, जिच्यातून करंट जमिनीत उतरू शकतो.

बल्ब लख्ख पेटला. सबंध काळोख्या शेडमध्ये तेवढा एकच.

साहेबांनी दारं उघडायला लावली आणि ते म्हणाले, "शाम को बड़े साहब ड्रिल देखने आ रहे हैं. आज पास लिख दो, कल ठीक करवा लेंगे. फेल लिखोगे तो धोटे का केस गया, समझ लो."

धोटेभाऊ मला बाजूला घेऊन गेले. "मधू, एका दिवसाची गोष्ट आहे रे. नियमानं वागलं तर कोणाला काय होते?"

"नियमानं कोण वागतं, ते शंभूला विचारू."

शंभू यादव सगळ्या शेडमधले बल्ब बदलणारा. धोटेभाऊ नेहमी नव्या बांधकामावर, त्यांचा आणि शंभूच्या कामाचा संबंध आला नव्हता. शंभू बाहेर चहा पीत होता. ग्लास हातात घेऊनच आला.

मी विचारलं, "शंभूभैया, बल्ब कब बदलते हो?"

"ब्लैकआउट में, साब. और कब? फोरमैन लोग एक मिनट बत्ती बंद नहीं करने देते. सायरन बजा कि अपन चढ़ गए."

"बोर्डावरून बंद करत नाही?" धोटेभाऊंनी मराठीतच विचारलं. मग त्यांचं त्यांनाच कळलं आणि हिंदीत विचारलं.

"बंद तो हैई. अँधेरा जो है." शंभूला प्रश्नच कळला नाही.

"कैसे चढ़ते हो, बताओ जरा."

शंभूनं ग्लास खाली ठेवला आणि रिकाम्या हवेत करून दाखवलं. डावा हात वर, कैची घट्ट धरलेली. उजवा हात पुढे, अंधारात होल्डर चाचपणारा, बोटं आत. "टटोलके हो जाता है, साब. आदत है." एवढं बोलून तो ग्लास उचलून निघूनही गेला. कशासाठी बोलावलं, तेही त्यानं विचारलं नाही.

धोटेभाऊंनी वर कैचीकडे पाहिलं, मग त्या होल्डरकडे. एक हात कैचीवर, एक होल्डरमध्ये. टेस्ट लॅम्पनं हेच तर दाखवलं होतं, फक्त तारांच्या जागी माणूस.

"आज सायंकाळीच चढला असता ना तो?" ते म्हणाले.

"हो."

त्यांनी खिशातला पेचकस काढला. मग म्हणाले, "फेल लिही. मी खोलून राहिलो."

मी फेल लिहिलं. जिवावर आलं होतं, खोटं कशाला सांगू! त्यांनी फाटकाचा स्विच स्वतः काढला, न्यूट्रल जोडली आणि तोच स्विच बोर्डाजवळ फेजवर बसवला. तार जेमतेम हातभर लागली. मग चौकीदाराचं स्टूल उचलून बोर्डापाशी नेलं. आम्ही एवढे शहाणे, पण तार पोचत नाही म्हणून डोकं फोडत बसलो, स्टूल हलवायचं कोणाला सुचलं नाही! मी पुन्हा तपासलं आणि सायरनच्या आत पास लिहिलं. ड्रिल उत्तम झाली. शंभूनं दोन-चार बल्बही बदलून घेतले.

शिफारस मात्र गेली नाही. साहेबांनी शब्द पाळला, नेमका तोच. वहिनी बरेच महिने आमच्याशी बोलल्या नाहीत. मला फार लागलं ते. धोटेभाऊ पक्के झाले, पण लढाई संपून, साहेबही बदलून गेल्यावर.

शंभू रिटायर झाला तेव्हा सेंड-ऑफला आम्ही दोघं गेलो होतो. गळ्यात झेंडूचा हार घालून तो भाषणाला उभा राहिला. छाती फुगवून म्हणाला, "पूरी नौकरी अँधेरे में बत्ती बदली. आज तक झटका नहीं लगा. अपना हाथ ही ऐसा है!"

लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. आमच्या कामाचं हे असंच असतं. नीट झालं तर दाखवायला काहीच उरत नाही, आणि श्रेय दुसऱ्याच्या हाताला जातं.

मी धोटेभाऊंकडे पाहिलं. ते सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवत होते.