काटा उभा हाय

पिंजौरचा उतार संपतो तिथं, हात पुढं केला तर बोटं दिसू नयेत असल्या धुक्यात, जीपच्या पुढच्या भागात धूर भरला आणि उकळतं तेल भाऊजींच्या पायावर उडालं. मागच्या बाकावर मी होते, माझ्या मांडीवर सुनेचं डोकं होतं आणि तिचं रक्त थांबत नव्हतं. मी ओरडले, "भाऊजी, पेटली काय गाडी?" पाय भाजलेला हा माणूस कण्हला नाही, देवाचं नाव घेतलं नाही. समोरच्या तबकडीकडे बघत म्हणाला, "वहिनी, काटा निजला." असा माणूस चंडीगडातच काय, पृथ्वीच्या पाठीवर दुसरा झाला नसेल. झालाच असेल तर त्याच्या घरच्यांची मला दया येते.

हे भाऊजी म्हणजे आमच्या ह्यांचे मामेभाऊ. हवाई दलात विमानांतली घड्याळं आणि काटे दुरुस्त करायचे. नोकरी संपली तरी गावाकडे गेले नाहीत, सेक्टर बावीसमध्ये आमच्याच डोक्यावर गच्चीतली खोली घेऊन राहिले. काट्याशिवाय त्यांचा कशावर म्हणून विश्वास नव्हता. माझ्या कुकरला शिट्टी असताना त्यांनी झाकणाला भोक पाडून तबकडी बसवली. मी डाळ शिजायची वाट बघायची आणि हे स्टुलावर बसून काटा बघायचे. पाहुणा आला की नमस्काराला जोडलेला त्याचा हात सोडवून घ्यायचे आणि नाडी धरायचे. एकदा महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत एका डॉक्टरीणबाईंची अशीच नाडी धरली. "जोरात चाललीय, बसा जरा," म्हणाले. बाई बसल्या नाहीत, पण पुन्हा आमच्याकडे आल्याही नाहीत.

जीप त्यांनी लिलावात घेतली होती. नव्या गाड्यांत तेलाचा दाब गेला की लाल दिवा लागतो, त्या दिव्याचा त्यांना भारी राग. "दिवा लागतो तेव्हा बातमी कळते, वहिनी. काटा हलतो तेव्हा अजून वेळ असतो." म्हणून त्यांनी जुन्या पद्धतीची तबकडी लावली. तिच्यात इंजिनातलं खरं तेल एका बारीक नळीतून येतं आणि काटा ढकलतं. ही नळी कुठली घ्यावी याच्यावर त्या माणसाने जेवढा विचार केला तेवढा आम्ही पुढे मुलाच्या लग्नाचाही केला नाही. रबर फुगतं, प्लास्टिक वितळतं, तांबं चांगलं पण थरथरून चिरतं. शेवटी तांबंच घेतलं. हादरे सोसावेत म्हणून नळीला मध्ये जिलबीसारखे वेढे दिले. इंजिनाचा धूर काढणारा लालबुंद पाइप उजवीकडून जातो, त्याला नळी शिवायला नको म्हणून डाव्या बाजूने नेली. त्यामुळे तबकडीही डावीकडेच बसली, आणि तीही अशी खोल, फळीच्या आडोशाला, की चालवणाऱ्याला दिसायची नाही. डावीकडच्या सीटवर बसेल त्यालाच दिसायची.

त्या सीटवर भाऊजींची बायको, माझी धाकटी जाऊ, बसायची. माणदेशातली बाई, शाळेचं तोंड न पाहिलेली. मी निदान चौथीपर्यंत गेले होते, तिला आकडेसुद्धा येत नव्हते. तिला आकड्यांची गरजही नव्हती. भाऊजी रस्त्यावरची नजर न काढता विचारायचे, "काटा?" ती सांगायची, "उभा हाय." चढाला इंजिन तापलं की, "वाकलाय जरा." ते गाडी बाजूला घ्यायचे. सगळा पंजाब आणि अर्धा हिमाचल दोघं असे फिरले. दुसरं काही बोलताना मी त्यांना फारसं ऐकलं नाही.

ती एका दुपारी जेवून झोपली आणि उठली नाही. ना ताप, ना दुखणं. भाऊजी तिच्याजवळ बसून एवढंच म्हणाले, "हिला कुठला काटाच नव्हता." त्यानंतर ते जीप काढायचे आणि पूर्वीसारखंच विचारायचे, "काटा?" डावी सीट रिकामी. ते थोडं थांबायचे, मान हलवायचे, "बरं," म्हणायचे आणि गिअर टाकायचे. मी मागे बसलेली असायची. उघड्या जीपमध्ये वारा असायचा, तरी त्या थांबण्याएवढा वेळ माझ्या पाठीवर काटा यायचा. मी भुताखेतांना मानणारी नाही. पण त्या सीटवर मी कधी पिशवीसुद्धा ठेवली नाही, आणि का ठेवली नाही ते मला कोणी विचारू नये. मंडळातल्या एका बाईंना ते एकदा घरी सोडायला निघाले. बाई ऐसपैस डाव्या सीटवर बसल्या. भाऊजींनी विचारलं, "काटा?" त्या म्हणाल्या, "कसला काटा?" भाऊजींनी गाडी थांबवली, खाली उतरले आणि हात जोडून त्यांना मागे बसायला सांगितलं.

मग बोलणं सुरू झालं. लोक हसायला लागले, आमचे हेही चिडले. "अरे, तबकडी स्वतःच्या पुढ्यात घे ना! रिकाम्या सीटशी काय बोलतोस येड्यासारखा?" भाऊजींनी मनावर घेतलं. पण तबकडी उजवीकडे आणायची तर नळी लांब हवी, आणि ती त्या तापलेल्या पाइपावरून न्यायला हवी. मग सहा महिने आमच्या गच्चीवर नळ्यांचं राज्य झालं. कपड्यांच्या दोरीवर नळ्या लोंबायच्या, काळ्या, पांढऱ्या, पाण्यासारख्या आरपार. थंडीतल्या सकाळी धुकं उतरलं की वाऱ्याने त्या वाजायच्या. कुणी दातांमधून श्वास घ्यावा तसा आवाज. मी परकर आणायला वर जायची आणि परकर तिथेच सोडून खाली यायची. परीक्षा माझ्या कढईत व्हायची. तेल कडकडीत तापवून त्यात ते नळीचा तुकडा सोडायचे. तुकडा आधी गप पडून राहायचा आणि मग एकदम अंग वळवायचा, जिवंत असल्यासारखा. त्या कढईत मी पुन्हा पुरी तळली नाही.

तेव्हा बाजार नुकताच मोकळा झालेला. दुकानात रोज बाहेरचा नवा माल. सुट्या भागांच्या दुकानातले सरदारजी मी बरोबर असतानाच भाऊजींना म्हणाले, "ओ बाऊजी, किन्नी नळियां उबालोगे? ये वाली ले जाओ, बाहर का माल है. आर-पार दिखता है, तेल चलता हुआ देखो!"

भाऊजी म्हणाले, "गर्मी सहेगी?"

"पक्का सहेगी जी. सारा शहर यही लगा रहा है."

तेल चालताना दिसेल, या एका वाक्यावर तो माणूस विरघळला. ती नळी त्यांनी कढईत न घालताच लावली आणि तबकडी आपल्या पुढ्यात घेतली. इतक्या नळ्या उकळल्या आणि जी लावायची तीच उकळली नाही. कदाचित परीक्षेत ती नापास झाली तर पुन्हा डावीकडे वळून विचारावं लागेल, याची त्यांना धास्ती असेल.  तांब्याची जुनी नळी मात्र त्यांनी फेकली नाही. धडप्यात गुंडाळून सीटखाली ठेवली.

त्या सकाळी ते मला डिंकाचे लाडू घेऊन पिंजौरला सोडायला आले होते. मुलगा तिथल्या कारखान्यात, तो कामावर गेलेला. सून पंजाबी, दिवस भरत आलेले. आम्ही चहा पीत होतो आणि तिला रक्त जायला लागलं. तिथल्या छोट्या दवाखान्यातली नर्स म्हणाली, इथे काही होणार नाही, चंडीगडच्या मोठ्या दवाखान्यात न्या. धुक्यामुळे बस बंद. शेजारणीकडे मुलासाठी निरोप ठेवला आणि सुनेला जीपच्या मागच्या बाकावर निजवलं. पुढचं मी सांगितलंच आहे. बाहेरचा माल त्या पाइपावर लोण्यासारखा वितळला.

भाऊजींनी इंजिन बंद केलं आणि लंगडत उतरले. धुकं इतकं दाट की त्यांचं फक्त डोकं दिसत होतं. मी म्हटलं, "नळीचं भोक बुजवा कशानं तरी आणि चला!"

"किती तेल गेलं ते धुक्यात कळत नाही. डब्यातलं ओततो, पण दाब येतोय का ते बघितल्याशिवाय निघालो आणि इंजिन बसलं, तर वहिनी, ही पोर इथंच राहील."

मग त्यांनी सीटखालून तांब्याची नळी काढली. ती जुन्या वळणाची, डावीकडेच पोचणारी. तबकडी उपसून परत जुन्या भोकात बसवली. एकीकडे गाडीचं तेल रस्त्यावर ठिबकत होतं आणि इकडे माझ्या लुगड्यावर सुनेचं रक्त. ती डोळे मिटून पुटपुटत होती, "मांजी, ठंड लग रही है." मी तिच्या गालावर चापट्या मारत होते. "झोपू नकोस गं. सोना मत!"

भाऊजी जागेवर येऊन बसले. इंजिन चालू केलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तबकडी डावीकडे आहे आणि डावीकडे कोणी नाही. मी मांडीवरचं डोकं सोडून उठणार कशी? आणि त्यांना त्याचं भानच नव्हतं. सवयीने त्यांनी विचारलं, "काटा?"

मला काही ऐकू आलं नाही. हे मी शपथेवर सांगते. इंजिनाची घरघर होती आणि आजूबाजूला ते ओलं पांढरं धुकं. भाऊजी थांबले, मग म्हणाले, "बरं." आणि गिअर टाकला. संपला आता सगळा खेळ, असं मला वाटलं, वेड्याच्या हाती आम्ही तिघी सापडलो. रस्ताभर तेच. "काटा?" थांबायचे. "बरं." एकदा मात्र थांबले, म्हणाले, "वाकला? बरं," आणि गाडी बाजूला घेऊन उरलेलं तेल ओतलं.

दवाखान्याच्या दारात सुनेला आत नेलं, तेव्हा इंजिन अजून चालू होतं. मी पुढे वाकून तबकडी पाहिली. काटा उभा होता.

नातीला दूध पाजताना, पुढे काही दिवसांनी, सुनेनं मला विचारलं, "मांजी, 'उभा हाय' का मतलब क्या होता है?" मी म्हटलं, कोणी सांगितलं तुला? ती म्हणाली, "उस दिन जीप में कोई औरत बोल रही थी. आगे से. मैंने सोचा आप हो." सून घरात आली तेव्हा माझ्या जावेला जाऊन बरीच वर्षं झाली होती. आणि मी 'हाय' म्हणत नाही, 'आहे' म्हणते. मी तिला म्हटलं, 'खडा है' असं होतं, आणि बाळाला ढेकर काढायला घेतलं. भाऊजींना हे मी सांगितलं नाही. त्यांना सांगण्यासारखं त्यात नवीन काय होतं?

तबकडी मग डावीकडेच राहिली. नात बसायला लागली तशी भाऊजींनी आपण होऊन तिला त्या सीटवर बसवलं. ते विचारायचे, "काटा?" ती पाय हलवत सांगायची, "खड़ा है, दादू!" दर वेळी तिच्या आधी ते थोडे थांबायचेच, दोघींना बोलू द्यावं तसे. ते गेले तेव्हा मुल्लानपूरच्या भंगारवाल्याने जीप नेली. नळी तेवढी मी काढून घेतली. कुकरच्या झाकणाचं भोक अजून तसंच आहे.

लोक मला विचारतात, खरं काय झालं होतं त्या दिवशी? मला माहीत आहे तेवढं मी सांगते. त्या जीपमधून सून वाचली, नात वाचली, मी वाचले आणि भाऊजी वाचले. पुढची सीट रिकामी होती.