सोवळ्यातला रंधा

ज्याच्या बोटांतून देवांची नगरे आकाराला आली, त्या विश्वकर्म्याला वंदन करून हे चार शब्द लिहीत आहे. आज खंडेनवमी. घरोघरी हत्यारांना हळदकुंकू लागले असेल. पूजेला बसण्याआधी मला एका माणसाचे स्मरण करायचे आहे, ज्याने उभ्या नोकरीत हत्यारांची पूजाच केली, दुसरे काहीही केले नाही. कल्याणच्या ज्या माध्यमिक शाळेत मी संस्कृत शिकवले, तिथे ते आरेखन आणि तंत्रज्ञान शिकवीत. मुले त्यांना ‘सोवळे सर’ म्हणत. पितृपक्षात ते गेले. निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप आला, खाली जोडलेल्या हातांची रांग उमटली, आणि मला वाटले, सरांच्या हातांविषयी कुणीतरी खरे लिहिले पाहिजे.

शाळेच्या मागच्या अंगाला त्यांची कार्यशाळा होती. काचेच्या कपाटात करवती, रंधे, पटाश्या उंचीप्रमाणे मांडलेल्या. दर शनिवारी तेलाचा हात, कोपऱ्यात कापराची वडी. एखाद्या मुलाने हात पुढे केला की सर विचारीत, “हात धुतलेस?” धुतले म्हटले, तर म्हणत, “मग लांबून बघ. डोळा हे पहिले हत्यार.” मी जन्मभर सोवळे पाळणारा माणूस आहे. देवघरात ते शोभते, स्वयंपाकघरात शोभते. करवत सोवळ्यात ठेवणे म्हणजे गाय न दोहता दुधाचे पावित्र्य राखणे होय.

त्यांचा फळा मात्र पाहत राहावा असा. पेन्सिलींची टोके सुईसारखी, अक्षर मोत्यांचे, आणि रंध्याची आकृती अशी की तिची सावलीही भिंतीवर पडेल असे वाटे. ‘रंधा कसा मारावा’ हे ते पाच मुद्द्यांत लिहून देत. मग मुले कंपासपेट्या रंध्यासारख्या बाकावर सरकवत ताल धरत: पुढे दाब, मागे सैल. भिंतीच्या अलीकडे माझा वर्ग शब्दरूपे घोकी, आणि पलीकडे त्यांचा वर्ग हवा रंधून काढी.

दहावीच्या प्रात्यक्षिकाला लाकडी सांधे करून दाखवायचे असत. ते सांधे कधीकाळी एका सुताराकडून करून घेतलेले होते आणि एका पेटीत राहत. परीक्षेच्या सकाळी ते मुलांना वाटले जात, परीक्षक गुण देत, दुपारी ते पुसून पुन्हा पेटीत. एका परीक्षकांनी शंका काढली की हे सांधे ओळखीचे वाटतात. सर शांतपणे म्हणाले, “शाळेची परंपरा आहे, साहेब.” परीक्षकांनी चहा घेतला आणि सही केली. शिक्षणाची अशी विटंबना मी एवढ्या निर्मळ चेहऱ्याने झालेली दुसरीकडे पाहिली नाही.

आणि मी काय करीत होतो? दर खंडेनवमीला त्या कपाटापुढे बसून मंत्र म्हणत होतो. नारळ घरी नेत होतो. त्यांची कीव करताना हेही लिहिले पाहिजे.

मग नववीत प्रतीक्षा आली. खडवलीची मुलगी. तिला दहावीनंतर आयटीआयला जायचे होते. घरी आजोबांचा शब्द चाले, आणि त्यांचे म्हणणे, पोरीच्या हाताला लाकूडकाम कुठून यायचे? जिल्ह्याच्या कौशल्य स्पर्धेत नंबर आणलास तर बघू. आरेखन उत्तम म्हणून सरांनी तिचे नाव पाठवले. स्पर्धेत सर्वांसमोर फळी रंधून सांधा करायचा होता, आणि प्रतीक्षाने रंधा केवळ वहीत पाहिला होता. ती माझ्याकडे आली. “गुरुजी, तुमचं ऐकतील ते. आठ दिवस कपाट उघडायला सांगा ना.” मी शब्द टाकला. सर म्हणाले, “शास्त्रीबुवा, तिला पाचही मुद्दे तोंडपाठ आहेत. अजून काय हवे? आणि स्पर्धेला मी स्वतः रंधा घेऊन येतोय की.”

आले खरे. ठाण्याच्या त्या सभागृहात, मी सोबत असताना, त्यांनी पिशवीतून धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेला रंधा काढला. त्याच्या मुठीला गेल्या वर्षीचे कुंकू होते. प्रतीक्षाने फळी बसवली, पाय योग्य अंतरावर ठेवले, पुढे दाब, मागे सैल. रंधा फळीवरून मुकाट्याने घसरत गेला. सालपट निघेना. तिने पुन्हा ढकलला, मग अंगाचा भार टाकून ढकलला. शेजारच्या बाकांवर लाकडाची पिवळी वेटोळी पडत होती, हिच्या फळीवर तेलाचा डाग तेवढा वाढत होता. वयस्कर परीक्षक जवळ आले. रंधा उलटा करून त्यांनी पात्यावर अंगठा फिरवला आणि विचारले, “धार कोणी लावली होती?”

सर अभिमानाने म्हणाले, “अजून वापरलेलाच नाही, साहेब. अगदी आणला तसा आहे.”

कारखान्यातून पाते येते ते दगडावर घासून धारेला आणावे लागते, एवढे सांगून परीक्षक पुढच्या बाकाकडे वळले. जो माणूस पेन्सिलीला रोज नवे टोक काढी, त्याला इतक्या वर्षांत हे ठाऊक नव्हते.

कल्याणला उतरल्यावर प्रतीक्षा खडवलीच्या गाडीकडे निघाली, मग थांबली. आवाज न चढवता म्हणाली, “मला सगळं पाठ होतं, सर. लाकडाला पाठ नव्हतं ना.”

त्यानंतर पंधराएक दिवसांत खंडेनवमी आली. कपाटापुढे रांगोळी होती, झेंडूच्या माळा होत्या. सरांनी मला आसन दिले. मी बसलो नाही. म्हणालो, या पात्यांवर म्हणायला माझ्याजवळ मंत्र उरलेला नाही. हातातली किल्ली सर बोटांनी पुसत होते. मुलांमध्ये प्रतीक्षा होती. मग त्यांनी किल्ली तिच्यापुढे धरली. तिने रंधा काढला, दप्तरातून धारेचा दगड काढला. तो तिने केव्हा मिळवला होता कोण जाणे. सर घाईने म्हणाले, “अगं, आज नको. आज हत्यार चालवायचे नसते. शास्त्रीबुवा, तुम्हीच सांगा तिला.”

शास्त्र तसेच आहे. या दिवशी हत्यारांना विश्रांती द्यावी. मी म्हणालो, “विश्रांती थकलेल्याला देतात, सर. यांना आज काम द्या.”

मुलगी जमिनीवर बसून पाते घासू लागली. तो आवाज त्या खोलीने पहिल्यांदाच ऐकला. तासाभराने फळीवरून पातळसे सालपट वर आले, वळले, आणि झेंडूच्या पाकळ्यांत पडले. तेव्हा मी आसनावर बसलो आणि मंत्र म्हटले.

पुढच्या वर्षी तिचा तिसरा क्रमांक आला, आणि आयटीआयच्या अर्जावर आजोबांनी सही केली. सर मात्र सरच राहिले. सांध्यांची पेटी त्यांच्या निवृत्तीपर्यंत चालू होती. कपाट उघडत असे, तेही ती मागे लागे तेव्हाच. निरोपाच्या दिवशी त्यांनी हत्यारांची नोंदवही माझ्यासमोर मुख्याध्यापकांच्या हाती दिली. मी ती चाळली. प्रत्येक पानावर, प्रत्येक वर्षी, शेऱ्याच्या रकान्यात त्याच मोत्यांच्या अक्षरात एकच शब्द होता: सुस्थितीत. फक्त शेवटल्या दोन वर्षी रंध्यापुढे वेगळे लिहिले होते: वापरामुळे झीज. त्यांच्या साऱ्या नोकरीत त्यांच्या हातून उतरलेले खरे वाक्य तेवढेच, आणि माझा सगळा तिरस्कार त्या दोन शब्दांपाशी येऊन थांबतो.

वाचकहो, आज आपल्या घरची विळी, कात्री, करवत पूजेला मांडाल, तेव्हा पात्यावरून एकदा अंगठा फिरवा. तो विश्वकर्मा आपल्या घरच्या हत्यारांना धार देवो, ती चालवणाऱ्या लेकींच्या हातांना बळ देवो, आणि आपल्या घरातली प्रत्येक चांगली वस्तू वापराने झिजो.