पोच घेणारे आमचे घरमालक

भाडं, डिपॉझिट आणि आधार कार्डाची झेरॉक्स मागणारे घरमालक गावोगाव असतात. पण खोली बघायला आलेल्या माणसाला, नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे सांगायच्या आधी, "तुमच्या हापिसात रजेचं कार्ड देतात का?" असं विचारणारा घरमालक साऱ्या मराठवाड्यात एकच आहे, आणि त्याच्या वरच्या दोन खोल्यांत मी गेली पाच वर्षं राहते आहे. तेव्हा मी नांदेडहून बी.कॉम. करून, लग्न होऊन, लातूरच्या एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात नुकतीच लागले होते. कंधारजवळच्या आमच्या खेड्यात, आमच्या भावकीत, महिन्याच्या पगाराची नोकरी लागलेली मी पहिलीच. रजेचं कार्ड म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. मी मोठ्या अभिमानानं म्हणाले, "मला रजा लागत नाही काका, मी रोज जाते." काकांनी माझ्याकडे डॉक्टर पेशंटकडे बघतो तसं बघितलं आणि आत हाक मारली, "ऐकलं का, हिलाच खोली देऊ. हिला लई गरज हाय."

काका एका तेलाच्या मिलमध्ये टाइमकीपर होते. कामगार किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर गेला, कुणाची किती रजा शिल्लक, हे लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मिल कधीच बंद पडली, पण काकांच्या डोक्यातला भोंगा बंद पडला नाही. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खिशात दोन पेनं, आणि बगलेत कामगार कायद्यांचं एक जाडजूड पुस्तक. त्याला दरवर्षी जुन्या कॅलेंडरच्या पानाचं नवं कव्हर चढायचं. त्या पुस्तकातली कलमं त्यांना पाढ्यासारखी पाठ होती. गल्लीत कुणी आजारी पडलं की बाकीचे मोसंबी घेऊन जायचे. काका जायचे आणि पलंगाशी बसून विचारायचे, "आजारपणाची रजा मांडली का?"

लग्नात तर ते आहेराच्या पाकिटात नामनिर्देशनाचा कोरा फॉर्म घालायचे. लग्न झालं की नोकरीत पहिल्यांदा दिलेलं वारसाचं नाव बाद होतं, नवा फॉर्म भरावा लागतो, हे नवरदेवाला दुसरं कोण सांगणार? शेजारच्या एका मुलाच्या लग्नात त्यांनी स्टेजवर चढून, फोटोग्राफर थांबा म्हणत असताना, हे सगळं नवरदेवाला नीट समजावून सांगितलं. "आता आईचं नाव बाद. नव्यानं भर," एवढंच नेमकं शेजारी उभ्या असलेल्या आईनं ऐकलं. त्या माउलीनं पुढं वर्षभर आमच्या काकूंशी हळदीकुंकवापुरतंही बोलणं ठेवलं नाही.

घरातही कायदा होता. भांडी घासायला येणाऱ्या मावशींचं रजेचं कार्ड स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं असायचं आणि मावशींना आठवड्याची एक पगारी सुट्टी सक्तीची होती. त्या दिवशी भांडी काका घासायचे. मावशींचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या येऊन सगळी भांडी पुन्हा घासायच्या. एकदा काकांनी हिशोब लावला की काकूंनी लग्न झाल्यापासून साप्ताहिक सुट्टी घेतलेलीच नाही. ताबडतोब गुरुवार जाहीर झाला. गुरुवारी काका पिठलं करायचे आणि काकू ओट्याजवळ उभ्या राहून, हात पदरात घट्ट धरून, जळणाऱ्या फोडणीकडे बघायच्या. "माझी सुट्टी म्हंजे मलाच शिक्षा हाय बघ," त्या मला म्हणायच्या. तिसऱ्या गुरुवारी त्या माहेरी उदगीरला निघून गेल्या, तेव्हा काकांनी काकूंच्या नावाचं नवं कार्ड करून त्यावर 'अर्जित रजा' असं लिहून खाली सही केली.

पण या सगळ्याच्या वरताण होती ती त्यांची पोच. कुठलाही कागद द्यायचा तर दोन प्रतींत. एक समोरच्याला आणि दुसरीवर 'मिळाले' असं लिहून सही, तारीख, जमलं तर शिक्का. कागद कसलाही असो. लग्नपत्रिका वाटतानाही त्यांनी प्रत्येकाची सही घेतली होती म्हणतात. तपासणीसाठी लघवीची बाटली देताना त्यांनी लॅबमधल्या पोराकडे पोच मागितली आणि मिळेपर्यंत बाटली सोडली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "कागद बोलत न्हाई गं. पोच बोलते."

मी हसायचे. नंतर एके दिवशी हसू आलं नाही.

आमच्या क्लासच्या ऑफिसात एक रीत होती. कुणी लिहून ठेवली नव्हती, कुणी सांगतही नव्हतं. लग्न झालेल्या मुलीला दिवस गेले की ती एका हातात पेढ्यांचा बॉक्स आणि दुसऱ्या हातात घडी घातलेला कागद घेऊन यायची. कागदावर लिहिलेलं असायचं, 'घरगुती कारणास्तव मी राजीनामा देत आहे.' सगळे पेढा खायचे, तोंड भरून आशीर्वाद द्यायचे, आणि महिनाअखेरीला तिची खुर्ची रिकामी व्हायची. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नाही. उलट तोच चांगुलपणा आहे असं मी समजत होते. मुलाखतीत माझी बोबडी वळली होती तरी सरांनी मला घेतलं होतं. त्यांना अडचणीत कसं टाकायचं? नोकरीला दोन वर्षं झाली तेव्हा मला दिवस गेले, आणि पाचवा महिना लागल्यावर मी माझ्या चांगल्या अक्षरात राजीनामा लिहिला, त्यात तीनदा आभार मानले.

आवक-जावक माझ्याकडेच होती. आलेल्या प्रत्येक कागदावर मी शिक्का मारायचे, नंबर टाकायचे आणि तो सरांच्या सहीच्या फाइलीत ठेवायचे. तसा माझ्याच राजीनाम्यावर मी शिक्का मारला, नंबर टाकला आणि फाइलीत ठेवला. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून मान मागे घेतली होती एवढं आठवतं. मला ती नोकरी सोडायची नव्हती. ती खुर्ची, तो शिक्का, दर महिन्याला बापाला फोन करून "झाला पगार" म्हणणं, यातलं काहीच मला सोडायचं नव्हतं. पण असं म्हणता येतं हेच मला माहीत नव्हतं. सर एका लग्नाला हैदराबादला गेले होते, परवा येणार होते.

संध्याकाळी मी काकांकडे पेढे घेऊन गेले. काकांनी अर्धा पेढा तोंडात टाकला आणि आनंदानं विचारलं, "मग रजा कधीपासून?"

मी सांगितलं. काकांनी उरलेला अर्धा पेढा ताटलीत परत ठेवला.

मग त्यांनी हळू आवाजात चौकशी केली. हापिसात माणसं किती? चाळीसच्या वर. मागच्या वर्षभरात ऐंशी दिवस काम भरलंय का? मी म्हणाले, काका, मी दोन वर्षांत तीन दिवस घरी राहिलेय. सरांची सही झाली का? नाही. "मग अजून कायबी झालेलं न्हाई," ते म्हणाले आणि पुस्तक उघडलं. बाळंतपणाची सव्वीस आठवडे पगारी रजा हा माझा हक्क होता, त्या काळात मला कामावरून काढता येत नव्हतं, आणि राजीनामा मंजूर व्हायच्या आत तो मागे घेता येत होता. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्यासारख्या बाईबद्दल कुणीतरी आधीच एवढा विचार करून, छापून ठेवलाय, यावर माझा विश्वास बसत नव्हता.

मी म्हणाले, "मग सोपंय काका. फाइल माझ्याच ड्रॉवरमध्ये असते. उद्या गेल्या गेल्या तो कागद काढते आणि फाडून टाकते."

काका असे दचकले की जणू मी तिजोरी फोडते म्हणाले होते. "आवक झालेला कागद फाडायचा? येडी का काय तू? चोरी करायची न्हाई. आलाय तसा जाईल. दुसऱ्या अर्जानं."

ते कोरे कागद आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, तेव्हा काकू माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "तुला वाटत आसल हे आसे कामून वागतात. मिलमधे ह्यांचं अक्षर चांगलं होतं. घरगुती कारणाचा कागद लई बायांना ह्यांनीच लिहून दिलाय. बाया खाली अंगठा करायच्या. एक बाई लेकरू घेऊन परत आली. गेटावर उभी राहून म्हणली, बाबू, माझं नाव घ्या हजेरीत. नाव कुठं होतं? ह्यांनीच काट मारलेली. सांज होईस्तोर ती बाई बसून होती." काकूंनी ताटलीतला उरलेला पेढा झाकून ठेवला. "दुसऱ्या दिवशी जाऊन हे पुस्तक घेऊन आले. जेवायच्या आधी वाचायचे, जेवल्यावर वाचायचे. तवापास्नं आसंच चालू हाय."

काका परत आले. रात्रीच्या जेवणाआधी मी दोन अर्ज लिहिले, एक राजीनामा मागे घेण्याचा आणि एक बाळंतपणाच्या रजेचा. काका शेजारी बसून आभार कापत होते. "कशाचे आभार? तुझंच हाय ते."

सर ज्या दिवशी येणार होते त्या दिवशी दहाला ऑफिस उघडलं आणि मागोमाग काका आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, ताजी विभूती. माझ्या टेबलासमोर ते असे उभे राहिले जणू मला ओळखतच नाहीत. "बाई, टपाल हाय," म्हणाले आणि माझेच दोन अर्ज माझ्यासमोर ठेवले. मी शिक्का उचलला. पहिला शिक्का उलटा पडला. "पुन्हा मारा," काका शांतपणे म्हणाले. "येळ टाका. दहा वाजून सात मिनिटं." मग पोचेची प्रत त्यांनी घडी घालून खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं आणि समोरच्या बाकावर जाऊन बसले. सर अकराला आले आणि काका त्यांच्या पाठोपाठ केबिनमध्ये गेले.

आतलं बोलणं मला दारातून ऐकू येत होतं. सरांनी आधी फाइल बघितली, मग काकांना बघितलं. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले की आमच्याकडे सगळ्याच मुली आपणहून सोडतात, आम्ही कुणाला काढत नाही. काका म्हणाले, व्हय, आमच्या मिलमध्येबी सगळ्या आपणहूनच सोडायच्या.

मग सरांनी विचारलं, "पण काका, तुम्ही हिचे कोण?"

"घरमालक."

"का, भाडं थकलंय?"

"न्हाई. येळेवर देते. तुमी पगार चालू ठिवला तर पुढंबी देईल."

शिपाई बाहेर हसला. मला हसायचं भान नव्हतं. सरांनी त्यांच्या कायदेशीर सल्लागाराला फोन लावला आणि बराच वेळ नुसतं "हं, हं" करत राहिले. काका पुस्तक मांडीवर ठेवून बसले होते, पण ते त्यांनी उघडलं नाही. अर्ध्या तासानं सरांनी मला आत बोलावलं. माझ्याकडे न बघता दोन्ही अर्जांवर सही केली आणि फाइल बंद केली. पुढचे पंधरा दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. ते काही वाईट माणूस नव्हते. त्यांनाही कुणी सांगितलं नसणार. मला जसं माहीत नव्हतं, तसंच.

मुलगी झाली. सव्वीस आठवड्यांनी मी परत गेले तेव्हा खुर्ची तीच होती, रजिस्टर तेच होतं, फक्त शिक्क्याचं पॅड वाळून गेलं होतं. मी त्यावर शाई ओतली आणि बापाला फोन केला. नंतर ऑफिसातल्या दोन मुली पेढ्यांचा बॉक्स घेऊन आल्या, तेव्हा त्यांच्या दुसऱ्या हातात घडीचा कागद नव्हता. त्या आधी माझ्या टेबलाशी आल्या आणि अर्ज कसा लिहायचा ते विचारलं.

मुलगी आता तीन वर्षांची होत आली आहे. मध्यंतरी बातम्यांत सांगितलं की कामगारांचे जुने कायदे जाऊन त्यांच्या जागी चार नव्या संहिता आल्या. त्या संध्याकाळी काका ओसरीत पुस्तक मांडीवर घेऊन बसून होते, दिवासुद्धा लावला नव्हता. "नंबर गेले गं सगळे," ते म्हणाले. आता त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, बारीक अक्षर दिसत नाही. मी मोबाइलवर नवा कायदा उघडला आणि त्यांना वाचून दाखवू लागले. रोज थोडं थोडं. ते डोळे मिटून ऐकायचे, मध्येच थांबवून जुनं कलम सांगायचे, मग नवा नंबर दोनदा म्हणायचे. बाळंतपणाच्या प्रकरणाशी आलो तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"सव्वीस आठवडे?"

"हाव काका. सव्वीसच."

"लेखी नोटीस द्यायची?"

"द्यायची."

"मग ठीक हाय," ते म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जिना चढून वर आले. हातात ते जुनं पुस्तक होतं, कॅलेंडरच्या पानाचं नवं कव्हर चढवलेलं. "तुझ्याकडं ठिव," म्हणाले. मी दोन्ही हातांनी घेतलं. काका तिथंच उभे राहिले. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं. मी कागद घेतला आणि लिहू लागले की माननीय काका, तुमच्यामुळे मी आणि माझी मुलगी... काकांनी चष्मा सरकवून, कागद नाकाजवळ नेऊन तो वाचायचा प्रयत्न केला आणि परत दिला.

"पोचेत एवढं लिहीत न्हाईत. मिळालं म्हणून लिही. सही कर."

मी नवा कागद घेतला. 'मिळालं' असं लिहिलं, खाली सही केली. त्यांनी तो घेतला आणि पुन्हा माझ्यापुढे धरला.

"तारीख?"

मी तारीख टाकली. काकांनी घडी घालून तो वरच्या खिशात ठेवला आणि बटण लावलं. ते नीट लागलंय की नाही हे बोटांनी चाचपत, कठड्याला धरून ते एक एक पायरी उतरून गेले.