वेगळी ठेवलेली पांढरी गोटी

या गौरवग्रंथासाठी लिहायला मी संपादकांना दोनदा नकार दिला होता. मागच्या आठवड्यात खुद्द डोंगरवार सरांचा फोन आला. "बाई, घर आवरतो आहे. ती पांढरी गोटी अजून टेबलावर वेगळीच ठेवली आहे." एवढे बोलून त्यांनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. त्या गोटीमुळे लिहिणे भाग पडले.

सरांची पहिली भेट अर्जुनी मोरगावच्या कॉलेजात झाली. मी अर्थशास्त्रात बी. ए. होऊन रिकामी बसले होते. माणसे किती जोखीम पत्करतात हे मोजण्यासाठी सरांना गावोगाव फिरणारे मदतनीस हवे होते. त्यांनी गुण विचारले नाहीत.

"उन्हात चालता?"

"चालते. उगाच नाही चालत."

"मग उद्या सहाला बसस्टँडवर."

प्रयोग साधा होता. एक किलो साखर खात्रीने घ्यायची, नाहीतर न बघता थैलीत हात घालायचा. थैलीत पाच पिवळ्या आणि पाच पांढऱ्या लाकडी गोट्या. पिवळी निघाली तर तीन किलो, पांढरी निघाली तर काहीच नाही. मग खात्रीची साखर कमीजास्त करून पुन्हा विचारायचे. सरांचा नियम एकच, पण कडक: प्रत्येक घरी आधी घरच्या माणसाकडून गोट्या मोजून घ्यायच्या. थैलीवर लोकांचा विश्वास नसेल तर आपण त्यांची जोखीम नव्हे, संशय मोजतो, असे ते म्हणत.

सालेकसा तालुक्यातल्या एका गावात इमलाबाईंनी दरवेळी खात्रीची साखर घेतली. मी वहीत 'भित्र्या' असा शेरा लिहिला. त्यांनी ओळखले.

"काऊन जी बाई, मले डरपोक लिहून राहिली का? रोज मोहफुल वेचाले जंगलात जातो, तठी अस्वल रायते. आता घरी बसून साखरंचीबी भानगड कायले?"

सर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. मग माझा शेरा त्यांनी स्वतः खोडला आणि इमलाबाईंचे बोलणे जसेच्या तसे उतरवायला लावले. माणसाच्या निवडीला घाईने नाव देऊ नये, हे मी त्या ओसरीवर शिकले.

घाई मात्र सुटली नाही. त्याच दुपारी मोजणी न करता मी चार घरे उरकली. संध्याकाळी थैलीत नऊच गोट्या निघाल्या. एक पिवळी नव्हती. सरांनी ती चारही घरे वहीतून वगळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाव गाठून ते लोकांसमोर हात जोडून म्हणाले, "मोजण्यात माझी चूक झाली." माझी, असे म्हणाले.

"साखर वाटता वाटता गोटी खाल्ली का जी सर?" इमलाबाईंनी विचारले. सगळे हसले. मी हसले नाही.

सरांनी थैलीतली एक पांढरी काढून खिशात टाकली. "पिवळी सापडेल तेव्हा हीही परत जाईल." मग चार-चार गोट्यांवर त्या चारही घरी पुन्हा प्रयोग झाला, पुन्हा साखर दिली गेली.

आठ दिवसांनी कोहमाऱ्याच्या थांब्यावर मी छत्री उघडली आणि पिवळी गोटी पायाशी पडली. सर दहा पावलांवर चहा घेत होते. सांगितले तर ते रागावतील किंवा हसतील, कामावर ठेवतील किंवा काढतील. मला ठाऊक नव्हते. मी गोटी पर्समध्ये टाकली. न बोलणे खात्रीचे होते.

पुढच्या हंगामात सरांचे बोलावणे आले, त्यानंतरही आले. मी शाळेत नोकरी धरली होती. सुट्टी मिळत नाही, असे कळवत राहिले. सुट्टी मिळत होती. त्या थैलीसमोर बसवत नव्हते.

तरी दर दिवाळीला त्यांचे पोस्टकार्ड येई. नव्या गावांची हकिगत आणि शेवटी एक ओळ: 'इथे तुम्ही असायला हव्या होत्या.' ती सगळी कार्डे माझ्याकडे आहेत. ती गावे मी पाहिली नाहीत. आजही सालेकशाची बस दिसली की पुढे झपाझप चालणारे सर आठवतात. मागे न बघता ते विचारायचे, "बाई, मोजल्या?" तसे विचारणारे पुन्हा कोणी भेटले नाही.

सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. त्यांची नजर, पाय आणि ते हसू शाबूत राहोत. अजून पंचवीस उन्हाळे त्यांना पायी फिरता यावे. त्यातल्या एखाद्या उन्हाळ्यात त्यांनी मला हाक मारावी. आता सुट्टीच आहे.

लेखासोबत संपादकांकडे सुपूर्द, सरांच्या हाती देण्यासाठी: पिवळी लाकडी गोटी, एक. एका बाजूचा रंग उडालेला. मोजून दिली.