मास्तरांनी नापास केलेले फोटो

आमच्या खालच्या मजल्यावरच्या मास्तरांइतका रंगाच्या बाबतीत छळणारा माणूस अख्ख्या सुरतेत दुसरा नसेल. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. साड्या रंगवणाऱ्या मिलमध्ये ते कलर मास्तर होते. व्यापाऱ्याने दिलेल्या नमुन्याच्या चिंधीशेजारी नवा रंगवलेला कपडा धरायचा, जुळला तर ‘पास’ म्हणायचं, नाही तर सगळा माल परत पाठवायचा, एवढंच काम त्यांनी जन्मभर केलं. निवृत्त झाल्यावर नापास करायला मिल उरली नाही, म्हणून ते बाकीचं जग नापास करू लागले. सोसायटीने जिना रंगवून घेतला, तर हे दुसऱ्या मजल्यावर उभे राहून रंगाऱ्याला म्हणाले, “खालचा पिवळा आणि वरचा पिवळा सख्खे भाऊ नाहीत.” तो बिचारा डबा ठेवून निघूनच गेला. माझ्या घरी चहा दिला, तर कप खिडकीपाशी नेला, वाकून बघितलं आणि म्हणाले, “वहिनी, कालच्यापेक्षा अर्धा शेड फिका आहे.” दूध जास्त पडलं होतं हे खरं. पण म्हणून कोणी असं तोंडावर सांगतं का? मी म्हटलं, “मास्तर, प्यायचा आहे, रंगवायचा नाही.” त्यांनी तो प्यायला, पण पास म्हटला नाही.

त्यांची बायको गेल्या वर्षी गेली. ती माझी मैत्रीण. ती काळी होती. लोक सावळी वगैरे म्हणतात तशी नाही, काळी. तिच्या लग्नात फोटोवाल्याने तिला परस्पर गोरी करून टाकलं होतं. तो फोटो हातात आला की ती अहिराणीत म्हणायची, “हाई कोन शे? हाई मी नई शे.” पुढे कोणी कॅमेरा काढला की ती पदर ओढून स्वयंपाकघरात जायची. त्यामुळे मास्तरांकडे तिचा धड असा एकच फोटो होता, तोही फोनमध्ये. पुतण्याच्या लग्नात ती हिरव्या साडीत मांडवात बसून कुणाशी तरी बोलत हसत होती, आणि कोणी फोटो काढतंय हे तिला कळलं नव्हतं. वर्षश्राद्धाला नंदुरबारकडून सगळी माणसं येणार होती. तोवर हा फोटो मोठा करून भिंतीवर लागायला हवा होता.

आधी ते पर्वत पाटिया भागातल्या एका स्टुडिओत गेले. स्टुडिओवाल्याने फोटो हातात ठेवला आणि खुशीत म्हणाला, “काका, काकीने गोरां करी आप्यां, केवां सारां लागे छे.” काकीला गोरी करून दिली, हे ऐकताच मास्तर फोटो तिथेच काउंटरवर ठेवून परत आले. मला म्हणाले, “माणसाला गोऱ्याचं वेड असतं. यंत्राला नसतं. आता ऑनलाइन मागवतो.” आणि तिथून आमच्या बिल्डिंगला कुरियरवाल्यांची रीघ लागली.

फोटो छापून घरपोच देणाऱ्या जेवढ्या कंपन्या त्यांना फोनवर सापडल्या, तेवढ्यांकडून त्यांनी आधी पोस्टकार्डाएवढा नमुना मागवला. नमुना पास झाल्याशिवाय मोठा माल नाही, ही मिलची रीत. स्वस्तातला एक आला तो चेहऱ्यावर रेघा घेऊन. महागातला एक आला तो मऊ कागदात गुंडाळून, रिबन बांधून. मास्तर म्हणाले, “खोक्याला इस्त्री आहे, आत चिंधी आहे.” प्रत्येक फोटोवर ते ओला पांढरा रुमाल दहा वेळा घासायचे, रंग सुटतो का बघायला. मग ऊन रंग खातं का बघायला अर्धा फोटो वर्तमानपत्राखाली आणि अर्धा उन्हात असा आठवडाभर गच्चीवर ठेवायचे, उडू नये म्हणून वर विटा. माझे पापड तिथून उठवले त्यांनी. गच्चीवर ओळीने माझी मैत्रीण, प्रत्येक ठिकाणी अर्धी. बघून मला बरं वाटलं नाही, पण हसूही आलं.

एक मध्यम दराची कंपनी कागद, शाई, ऊन, सगळ्या कसोट्यांना उतरली. साडीचा हिरवाही बरोबर आला. ती साडी मास्तरांच्याच मिलमध्ये रंगली होती आणि कपाटात होती, त्यामुळे हिरव्याला नमुना होता. पण चेहरा गव्हाळ. सगळ्याच कंपन्यांचा चेहरा कमी-जास्त गव्हाळच. शेवटी मास्तरांनी त्या कंपनीला फोन लावला आणि माझ्यासमोर तिथल्या बाईवर डाफरले. ती शांत होती. म्हणाली, “अंकल, ऑर्डर करते समय नीचे एक खाना आता है, उसमें पहले से टिक रहता है. उससे मशीन चेहरा साफ कर देती है. वो टिक हटा दीजिए, फोटो जैसी है वैसी आएगी.”

मास्तरांनी फोन ठेवला. मी विचारलं, “तुम्हाला ती टिक दिसली नव्हती?”

“प्रत्येक वेळी दिसली. मिलमध्ये दुसऱ्याने टिक केलेल्या कागदाला आपण हात लावायचा नसतो. मला वाटलं, त्यांच्या तपासणाऱ्याने पास केलंय.” मग म्हणाले, “म्हणजे मीच तिला गोरी करून मागवत होतो.”

खरंच होतं ते.

वर्षश्राद्धाला चार दिवस असताना टिक काढून मागवलेला मोठा फोटो आला; या वेळी नमुना मागवायला वेळच नव्हता. मास्तर सकाळी अकराला तो घेऊन वर आले, खांद्यावर ती हिरवी साडी. माझ्या गॅलरीतल्या उजेडात त्यांनी साडी फोटोला लावली आणि हिरवा पास केला. पण गेले नाहीत.

“वहिनी, चेहऱ्याचं मला सांगता येत नाही. व्यापाऱ्याची चिंधी एकदा बघितली की दोन-दोन दिवस डोळ्यांत राहायची. हिचा रंग राहिला नाही. इतके फोटो बघितले की खरा कोणता तेच गेलं.”

त्यांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या बायकोने आणि मी वर्षानुवर्षं मांडीला मांडी लावून साड्यांना लेस लावली होती. काम संपलं की ती तिचा हात माझ्या हाताशेजारी ठेवायची आणि म्हणायची, “पहाय, तुन्यापेक्षा एकच शेड जास्ती.” ‘शेड’ हा शब्द ती नवऱ्याकडूनच शिकली होती. मी मास्तरांना हे सांगितलं, पदर मागे केला आणि माझा हात फोटोवर, तिच्या गालाशेजारी ठेवला.

मास्तर वाकले. एकदा माझ्या हाताकडे, एकदा फोटोकडे, असं बराच वेळ बघत राहिले. खाली रस्त्यावर टेम्पोवाला साड्यांचे गठ्ठे उतरवत होता, त्याचे सगळे उतरून झाले तरी हे वाकलेलेच. माझा हात अवघडला, पण मी तो हलवला नाही.

“एकच शेड जास्त,” ते म्हणाले. “पास.”

फोटो काखेत घेऊन ते खाली गेले, आणि थोड्या वेळाने भिंतीत खिळा ठोकल्याचा आवाज आला.

लेस लावायचो तेव्हा आम्ही दोघी चाळिशीच्या आतबाहेर होतो. आता माझ्या हाताला सुरकुत्या पडल्या आहेत, आणि उन्हात जाणं सुटल्यापासून तो चांगला उजळला आहे. मास्तरांचे डोळे अजून शाबूत आहेत, त्यांना हे दिसलं नसेल असं मला वाटत नाही. ते बोलले नाहीत, आणि मीही बोलले नाही.