मॅडम काय संशोधन करायच्या

मॅडम गेल्याचं कळलं तेव्हा मी अकोल्यात, जठारपेठेतल्या घरी नववीचे पेपर तपासत होते. फोन त्यांच्या मोठ्या भावाचा होता.

"रविवारी गावच्या बुद्धविहारात पुण्यानुमोदन हाय, बाईच्या आठवणीत. तुमी बोला. बाई कॉलेजात शिकवे, थे मालूम हाय. पण संशोधन का काय करे, थे कोणालेच समजत नाई."

बाळापूरजवळच्या त्या गावातून विज्ञान शिकायला बाहेर पडलेली पहिली मुलगी म्हणजे मॅडम. अणूंमधून निघणाऱ्या प्रकाशावर त्यांनी आयुष्यभर काम केलं. अमरावतीच्या कॉलेजात मी त्यांची लाडकी विद्यार्थिनी होते, पण क्वांटम फिजिक्स मी परीक्षेपुरतंच पाठ केलं होतं.

विहारात मी लिहून नेलेलं भाषण वाचू लागले. कण, तरंग, ऊर्जेच्या पातळ्या. पाचेक मिनिटांत बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. भाऊ उभे राहिले.

"ताई, राग नका मानू. काईच समजून नाई राहिलं."

मला फार लाज वाटली. वीस वर्षं विज्ञान शिकवतेय मी. "पुढच्या रविवारी परत येते," एवढंच म्हणाले.

आठवडाभर विचार केला. मॅडम आधी समजावून सांगतच नसत. दिवा लावायच्या आणि म्हणायच्या, पाहा. मग मी बुटांच्या खोक्याला एक बारीक फट पाडली, आत जुन्या सीडीचा तुकडा तिरपा बसवला, वर डोळा लावायला भोक ठेवलं.

रविवारी भावांच्या घरी आधी जुना पिवळा बल्ब लावला. खोक्यातून तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सलग रंग दिसले. मग सीएफएल लावला. आता हिरवी पट्टी वेगळी, निळी वेगळी, मध्ये काळोख.

"मंधातला रंग कुठी गेला?" भावांनी विचारलं.

"तो निघालाच नाही. अणूतला इलेक्ट्रॉन ठरावीक पायऱ्यांवरच असतो. वरच्या पायरीवरून खाली आला, की तेवढ्या उतरणीचाच रंग बाहेर पडतो. मधली पायरी नसते, म्हणून मधला रंग नाही."

"निसणीवानी?" भिंतीला टेकवलेल्या शिडीकडे बोट करून वहिनी म्हणाल्या. "पण निसण उतरताना पाय मंधात लोंबते ना."

"याचा लोंबतही नाही."

"मंग उतरते कसा?"

"ते मलाही नीट सांगता येत नाही, वहिनी. मॅडमना विचारायला हवं होतं."

भाऊ बराच वेळ खोक्यातून पाहत राहिले. "म्या बी नाई इचारलं. सुटीत आली का आमी पऱ्हाटीचंच, कापसाच्या भावाचंच बोलो."

मी त्यांना सांगितलं, की प्रत्येक पदार्थाच्या पट्ट्या निराळ्या असतात, त्यावरून पदार्थ ओळखता येतो. मॅडम त्या पट्ट्या मोजायच्या. "म्हणजे गावातल्या माणसाले चालीवरून ओयखतो तसं," ते म्हणाले आणि शेजाऱ्यांना हाका मारू लागले. दुपारपर्यंत अंगणात रांग लागली. विहारात एकमेकींकडे पाहणाऱ्या बायकाही होत्या. खोका मी तिथेच ठेवून आले.

चार दिवसांनी भावांचा फोन आला. "पोरीनं नवा एलईडी आणला. यात मंधात अंधाराचा काया पट्टा नाई दिसत, सर्वे रंग लागून हायेत. निळा तेवढा जास्त चमकते. काहून?"

मला उत्तर येत नव्हतं. तसं त्यांना सांगितलं आणि कपाटावरचं बीएस्सीचं पुस्तक खाली काढलं.